तळहातावर लिहिलेला अंक पेशंटला का ओळखता येत नाही: ग्राफेस्थेसियाची चाचणी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

न्यूरोच्या वॉर्डात पहिली पोस्टिंग लागली की सेन्सरी तपासणीचा तक्ता हातात पडतो. कापूस, टाचणी, ट्यूनिंग फोर्क इथवर सगळं सुरळीत चालतं. मग तक्त्यात खाली ‘ग्राफेस्थेसिया’ हा शब्द येतो. पेशंटचे डोळे मिटायचे, तळहातावर एखादा अंक गिरवायचा आणि ‘काय लिहिलं?’ विचारायचं. दोन मिनिटांचं काम वाटतं, म्हणून बहुतेक जण घाईत उरकतात किंवा न घेताच ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. मी दोन्ही केलं आहे. आता नागपूरच्या धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून ही चाचणी आठवड्यातून चार-पाचदा तरी घेते. तिच्यात पेशंटपेक्षा तपासणारेच जास्त वेळा नापास होतात, असं माझं मत झालंय. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी किंवा एमबीबीएस करणाऱ्या ज्या मुलांची वॉर्डातली सुरुवात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी समजून घ्या, आपण नेमकं काय तपासतोय

कापसाचा स्पर्श कळणं वेगळं आणि तो स्पर्श कोणत्या वळणाने गेला, त्यातून कोणता आकार झाला हे कळणं वेगळं. पहिलं काम नसा, मज्जारज्जू आणि थॅलॅमसपर्यंतची (मेंदूतलं संवेदनांचं जंक्शन) वाट करते. दुसऱ्यासाठी मेंदूचा पॅरायटल लोब, म्हणजे वरचा-मागचा भाग लागतो. तुटक स्पर्श जोडून ‘हा तीन आहे’ असा निकाल तिथे लागतो. स्पर्श शाबूत असूनही आकार ओळखता येत नसेल, तर त्याला अॅग्राफेस्थेसिया म्हणतात, आणि बोट विरुद्ध बाजूच्या पॅरायटल लोबकडे दाखवलं जातं. डाव्या हाताचा घोटाळा असेल तर उजवा मेंदू.

संवेदनांच्या अभ्यासात हेन्री हेड या इंग्रज न्यूरॉलॉजिस्टचं नाव सतत येतं. १९०३ साली त्याने स्वतःच्या डाव्या हाताच्या संवेदनेच्या नसा कापून घेतल्या आणि संवेदना कशा क्रमाने परत येतात हे पुढची काही वर्षं रिव्हर्स या सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. परीक्षेला हे कुणी विचारत नाही. पण स्वतःचा हात पणाला लावलेला माणूस आठवला की समोरच्याच्या हातावर पेन टेकवताना आपण जरा जपून वागतो.

वॉर्डात या चाचणीचा एक मोठा उपयोग आहे. लकवा झालेल्या हातात किल्ली, नाणं, रबर देऊन ‘काय आहे ओळखा’ म्हणायची चाचणी (स्टिरिओग्नोसिस) घेता येत नाही, कारण बोटंच हलत नाहीत. ग्राफेस्थेसियाला पेशंटने काहीच हलवायचं नसतं, हात नुसता पडून राहिला तरी चालतं. त्यामुळे जिथे स्टिरिओग्नोसिस अडतं, तिथे हीच चाचणी कामी येते.

२. काय काय जवळ हवं

- रबर लावलेली पेन्सिल. लिहायचं रबराच्या टोकाने. टोपण लावलेलं पेनही चालतं. औषध कंपनीच्या एमआरने फुकट दिलेल्या क्लिकच्या पेनाचं टोक मात्र तपासून घ्या. नेमकी वेळेला निब बाहेर येते आणि काकूंच्या हातावर निळा तीन उमटतो.
- मऊ सुती कापड किंवा गॉझ.
- कापूस आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. आधीच्या तपासणीसाठी.
- चार-पाच जाड कार्डं, प्रत्येकावर एकेक चिन्ह ठळक काढलेलं.
- चिन्हांचा क्रम आधीच लिहून ठेवलेला कागद.
- केस पेपर. नोंदीसाठी तर हवाच, शिवाय तो आडपडदा म्हणूनही वापरता येतो.
- छोटी उशी किंवा घडी घातलेली चादर, हाताखाली ठेवायला.

क्रमाचा कागद फालतू वाटेल. पण मनात येईल तो अंक लिहायला बसलात की तीन-चार-शून्य, तीन-चार-शून्य अशी गाडी आपोआप रुळावर येते, आणि पेशंट तेवढ्यात ती चाल ओळखतो. म्हातारी माणसं यात फार तरबेज असतात.

३. ही चाचणी कुणावर घ्यायची नाही

आज सकाळी अचानक हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं असं कुणी सांगत असेल, तर पेन्सिल खिशात ठेवा आणि कॅज्युअल्टीकडे धावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्या वेळेत तळहातावर अंक गिरवत बसणं हा गुन्हा आहे.

गुंगीत असलेला, दर मिनिटाला झोप लागणारा किंवा दोन वाक्यांचं सांगणं लक्षात न राहणारा पेशंट असेल तर उत्तरांना काही अर्थ उरत नाही. ‘लक्ष देऊ शकत नाही, चाचणी पुढे ढकलली’ असं प्रामाणिकपणे लिहा.

४. आधी साधा स्पर्श तपासा

हातावर कापूस फिरवा, दोन्ही बाजूंना सारखा लागतो का विचारा. ट्यूनिंग फोर्क बोटाच्या हाडावर ठेवा. बोट वर-खाली करून ‘वर की खाली’ विचारा. हे सगळं ठीक असेल तरच ग्राफेस्थेसियाच्या निकालावरून मेंदूबद्दल काही बोलता येतं. मुळात स्पर्शच कळत नसेल तर आकार कसा कळणार? पाटीच ओली असेल तर खडूला दोष देऊन उपयोग नाही.

आपल्या विदर्भात हे जास्त जपायला लागतं. जुना मधुमेह असला की आधी पावलं आणि नंतर हात बधिरतात. कुष्ठरोगाने अल्नर नस गेली असेल तर करंगळीकडचा अर्धा तळहात मुका असतो, आणि पेशंट ते स्वतःहून सांगत नाही. बी-१२ कमी असेल तर ट्यूनिंग फोर्कची थरथर कळत नाही. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबलेली असेल तर अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बिघडलेली, पण करंगळी मस्त, असं चित्र दिसतं. ही सगळी माणसं अंक चुकवतात, आणि कुणाच्याही पॅरायटल लोबला काही झालेलं नसतं.

वय लहान आहे म्हणून मेंदूचा विचार सोडूही नका. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे घरोघर ऐकू येतो, आणि त्यात शाळकरी पोरांनाही स्ट्रोक होतो.

राबलेल्या हातांचं आणखी वेगळं. कापूस वेचणारे, संत्र्याची तोड करणारे, पावडा चालवणारे. तळहाताला घट्टे पडलेले असतात. घट्ट्यावर लिहिलेलं त्यांनाच काय, मलाही कळणार नाही. अशा वेळी बोटांच्या पेरांवर किंवा मनगटाच्या वर, आतल्या बाजूला लिहा. जागा कोणतीही घ्या, पण दोन्ही हातांवर तीच घ्या.

५. पेशंट कोणते अंक वाचतो, ते विचारा

हा टप्पा कुठल्याच तक्त्यात छापलेला नसतो, आणि माझी फजिती इथेच झाली.

इंटर्नशिपमध्ये एक काकाजी होते. कळमन्याच्या बाजारात तीस वर्षं हमाली केलेले, उजव्या मेंदूत स्ट्रोक, डावा हात कमजोर पण स्पर्श ठीक. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे एक ते नऊ हे इंग्रजी अंक निवडले. इंग्रजी आठ लिहिला, काकाजी म्हणाले, ‘चार.’ इंग्रजी नऊ लिहिला, म्हणाले, ‘एक.’ इंग्रजी पाच लिहिला तर बराच वेळ गप्प बसून म्हणाले, ‘हे काही समजून नाही राहिलं, मॅडम.’ डाव्या हातावर दहात तीन बरोबर आले, उजव्यावर चार. मी ऐटीत लिहिलं: दोन्ही बाजूंना अॅग्राफेस्थेसिया.

सरांनी केस पेपर वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि काकाजींच्या उजव्या हातात पेन देऊन विचारलं, ‘काकाजी, बोरीवर नंबर कसा टाकता?’

काकाजींनी केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका दमात लिहिलं: १, ४, ५, ८, ९. सगळे मराठी. शाळा चौथीपर्यंत, नंतर आयुष्यभर बोऱ्यांवर हेच अंक. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचं वळण जवळजवळ तेच. मराठी चार म्हणजे डोकं उघडं ठेवलेला इंग्रजी आठ. काकाजींची उत्तरं चुकीची नव्हतीच. मी लिहीत होते एका लिपीत आणि ते वाचत होते दुसऱ्या.

मग सरांनी मराठी अंकांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायला लावली. उजव्या हातावर दहात नऊ. डाव्या हातावर दहात पाच.

हे आकडे नीट बघा. चुकीच्या लिपीने मी नसलेला दोष लिहिला, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे जो खरा दोष होता, तो झाकून टाकला. दोन्ही हात सारखेच नापास दिसले, म्हणून डाव्या हातात खरोखर काहीतरी बिघडलंय हे दिसलंच नाही. चांगला हातही चुकतोय, तिथेच मला थांबायला हवं होतं.

तेव्हापासून मी चाचणीआधी पेशंटला कागद देते. ‘एक ते नऊ लिहून दाखवा.’ चांगल्या हाताने लिहिता येत नसेल तर दोन्ही लिपींची कार्डं समोर धरते आणि ‘यातले कोणते ओळखीचे?’ विचारते. नागपुरात हे फारच गरजेचं आहे. ओपीडीत काटोल-उमरेडची माणसं असतात तशी छिंदवाडा, बालाघाट, सिवनीचीही असतात. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी शाळेत शिकलेले आजी-आजोबा इथे चिकार आहेत. मराठी शाळेचा आठ आणि हिंदी शाळेचा आठ यांची वळणं सारखी असतीलच असं नाही, नऊचंही तेच. इंग्रजी शाळेतल्या नातवाला मराठी सात दाखवला तर तो आजोबांकडे बघतो.

६. चिन्हं निवडा: कमी आणि वेगवेगळी

एक ते नऊ सगळे घेऊ नका. तीन किंवा चार चिन्हं पुरतात, आणि ती एकमेकांपासून लांबची असावीत. तीन आणि आठ एकत्र घेऊ नयेत, असं इंग्रजी अंकांबद्दल सांगतात. मराठीत दोन आणि तीन एकत्र घेऊ नका, वरचं वळण सारखंच आहे. इंग्रजी सहा-नऊ तर अजिबात नको; हात जरा फिरला की एकाचा दुसरा होतो.

माझा नेहमीचा संच ०, ३ आणि ४. शून्य आणि तीन दोन्ही लिपींत जवळपास सारखेच दिसतात आणि मराठी चार पेन्सिल न उचलता एका ओढीत लिहिता येतो. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी चाराचं वळण त्यांच्या पद्धतीचं घ्यायचं, एवढाच फरक.

शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला अंक देऊन अपमान करू नका. गोल, फुली, आडवी काडी. मावशींना ‘बांगडी, फुली, काडी’ म्हटलं की लगेच कळतं. लहान मुलांना ‘फुली-गोळा’ सांगा. हा लहानपणीचा खेळ आहे म्हणून हलका समजू नका. हॅलस्टेड-रायटन या जुन्या नामांकित न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचणीसंचातही मोठ्यांच्या बोटांवर ३, ४, ५, ६ हे अंक लिहितात आणि लहान मुलांसाठी फुली आणि गोळाच वापरतात.

७. बसायचं कुठे

समोर बसू नका. बाजूला बसा.

आपण पेशंटच्या समोर बसलो तर आपल्याला सरळ दिसणारा अंक त्याच्या बाजूने उलटा असतो. मी लिहिलेला तीन पेशंटच्या दृष्टीने डोक्यावर उभा. काही जण मनात तो फिरवून बरोबर ओळखतात, काही नाही. आणि कोण फिरवतंय हे आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पेशंटच्या शेजारी, त्याचं तोंड जिकडे तिकडेच आपलं तोंड करून बसा. तळहात वर, बोटं पुढे. अंकाचा पाया नेहमी मनगटाकडे, डोकं बोटांकडे. हे पेशंटला आधी सांगा आणि शेवटपर्यंत बदलू नका. पलंग भिंतीला लागून असेल तर पलंग ओढा. वॉर्डातल्या मावशी ओरडतात, ओरडू द्या.

याची गंमत स्वतः बघायची असेल तर मैत्रिणीच्या कपाळावर बोटाने इंग्रजी सहा किंवा मराठी सहा लिहा. बऱ्याच जणी तो आरशातल्यासारखा उलटा वाचतात, जणू डोक्याच्या आतून बघतायत. तेच डोक्याच्या मागे लिहिलं तर सरळ वाचतात. म्हणून कपाळ, मान, पाठ अशा जागा निकालासाठी वापरूच नका. तळहात आणि बोटांची टोकं, घट्टे असतील तर मनगटाच्या वरची आतली बाजू, बास.

डाव्या बाजूचं भान हरवलेले पेशंट असतात, त्यांच्या उजव्या बाजूने बोला पण डाव्या हाताकडे लक्ष वळवून घ्या. नाहीतर ‘काही लिहिलंच नाही’ असं उत्तर येतं, आणि ते अॅग्राफेस्थेसिया नसतं.

८. मूठ घट्ट असेल तर

स्ट्रोकनंतर हात कडक होतो, बोटं तळहातात रुतलेली असतात. बोटं धरून ओढू नका. आधी मनगट हळूच आत वाकवा. बोटांचे स्नायू ढिले पडतात आणि मूठ आपोआप सैल होते. मग अंगठा बाहेर काढा, नंतर बोटं. खाली उशी द्या. हात उघडायला दोन मिनिटं लागली तर लागू द्या. या मुठीत घाम आणि मळ साचलेला असतो, तो पुसून घ्या. मे महिन्यात तर पंख्याखाली बसूनही तळहात ओला असतो आणि रबर चिकटत-घसरत जातं, त्यामुळे कोरडा करणं सगळ्यांनाच लागू.

९. डोळे उघडे ठेवून सराव

पेशंटला बघू देत प्रत्येक चिन्ह एकदा लिहा. ‘हा शून्य. हा तीन. हा चार. एवढे तीनच येणार, दुसरं काही येणार नाही.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. मग डोळे मिटून चांगल्या हातावर दोन-तीनदा सराव. या सरावाचे गुण धरायचे नाहीत.

सांगण्याची भाषा साधी ठेवा. ‘मी तुमच्या तळहातावर एक सिम्बॉल ट्रेस करणार आहे’ म्हटलं की काकू सुनेकडे बघतात. ‘हातावर आकडा लिहीन, कोणता ते सांगा’ पुरे.

आणि हात धरण्याआधी विचारा. मुलं हे विसरतात. परक्या पोराने तळहात धरून डोळे मिटायला सांगितलं तर कुठलीही बाई अवघडणारच. घरचं माणूस जवळ उभं राहू द्या, फक्त त्याला बोलू देऊ नका.

१०. प्रत्यक्ष चाचणी

डोळे मिटायला सांगा. पट्टी बांधू नका, म्हातारी माणसं घाबरतात. किलकिल्या डोळ्यांनी बघणाऱ्यांसाठी केस पेपर आडवा धरा.

तळहातावर अंक तीन-चार सेंटीमीटर उंच. बोटाच्या टोकावर साधारण एक सेंटीमीटर. हा फरक उगाच नाही: बोटाच्या टोकावर दोन टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर असली तरी वेगळी कळतात, तळहाताला सेंटीमीटरभर अंतर लागतं, पाठीला चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त. मेंदूचा कोणता भाग शरीराच्या कोणत्या भागाला किती जागा देतो हे दाखवणाऱ्या, पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनच्या त्या प्रसिद्ध वेड्यावाकड्या माणसाच्या चित्रात हात एवढे मोठे आणि पाठ एवढीशी का, त्याचं उत्तर यातच आहे.

दाब असा की कातडी किंचित दबेल, ओरखडा उठणार नाही. हलका हात ठेवलात तर गुदगुल्या होतात. एक आजी दर वेळी खुदकन हसायच्या आणि म्हणायच्या, ‘खाज सुटून राहिली माय, पैसे येतात वाटते.’ मी दाब थोडा वाढवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. वेग सावकाश, एका अंकाला एक ते दोन सेकंद, शक्यतो न उचलता एकाच ओढीत.

प्रत्येक अंकानंतर तळहातावरून कापड हळूच फिरवा. पाटी पुसल्यासारखं. आधीचं संपलं, नवीन येतंय, हे पेशंटला त्यातूनच कळतं. न पुसता लिहीत गेलात तर चौथ्या-पाचव्या अंकापासून खिचडी होते.

आधी चांगला हात, मग बाधित. प्रत्येकी दहा वेळा. उत्तराला पाच-सात सेकंद द्या, नाहीच आलं तर तोच अंक एकदा पुन्हा लिहा आणि तशी खूण करा. ‘बरोबर’, ‘चूक’, ‘अरे वा’ काही म्हणायचं नाही. चेहराही सांभाळा. दहापेक्षा जास्त ताणलंत तर माणूस कंटाळतो आणि शेवटचे अंक नुसते फेकतो.

११. बोलता येत नसेल तर कार्डं

उजव्या बाजूच्या लकव्यात बऱ्याचदा बोलणंही गेलेलं असतं. तीन म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘चहा’ येतं. त्यांना कार्डं दाखवा, चांगल्या हाताने बोट ठेवू द्या. प्रत्येक वेळी कार्डांची जागा बदला.

१२. निकाल कसा वाचायचा

तीन चिन्हं आणि दहा वेळा, म्हणजे डोळे झाकून नुसता अंदाज मारला तरी तीन-चार उत्तरं बरोबर येतात. त्यामुळे दहात चार म्हणजे ‘थोडंफार कळतंय’ असं लिहू नका. काहीच कळत नसेल तरी एवढे येतातच.

खरा अर्थ दोन हातांच्या तुलनेत आहे. चांगल्या हाताला नऊ-दहा आणि दुसऱ्याला पाच, स्पर्श दोन्हीकडे ठीक: हा निकाल बोलका आहे, मेंदूकडे बोट दाखवतो. दोन्ही हात नापास: आधी स्वतःकडे बघा. लिपी, बसण्याची जागा, वेग, भाषा. मग पेशंटचं लक्ष आणि नसा. मेंदू सगळ्यात शेवटी. एकाच हाताची तीन बोटं चुकतात आणि करंगळी बरोबर: मनगटातली नस बघा. स्ट्रोक नाही, पण एक हात महिनोन् महिने हळूहळू ‘आपला वाटेनासा’ होतोय, बटण लागत नाही, आणि त्याच हाताला अंक कळत नाहीत: अशाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवाच, मेंदू हळूहळू झिजवणारे कॉर्टिकोबेझलसारखे आजार असे गुपचूप सुरू होतात.

नुसत्या या एका चाचणीवर निदान कुणीच करत नाही, तुम्हीही करू नका.

१३. नोंद

‘ग्राफेस्थेसिया: बिघडलेला’ एवढं लिहिलंत तर पुढच्या महिन्यात तपासणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. मी असं लिहिते:

‘तळहात, मराठी अंक ०-३-४, पेन्सिलचं रबर, बाजूला बसून, पाया मनगटाकडे. उजवा ९/१०, डावा ५/१०. डावीकडे तीन आणि चारची अदलाबदल. कापूस, कंपन, सांध्यांची जाणीव दोन्हीकडे ठीक.’

लिपी लिहायची म्हणजे लिहायचीच. त्याच पेशंटवर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी इंग्रजी अंक काढले तर ‘प्रकृती खालावली’ असं निघेल.

१४. वॉर्डात जायच्या आधी

हॉस्टेलात दहा जणांवर करून बघा. रूममेट, मेसवाल्या काकू, वॉचमन दादा. धडधाकट माणूसही दहात एखादा चुकतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. स्वतःच्या हातावरही करून घ्या. आपला दाब किती गुदगुल्या करतो ते तेव्हाच कळतं. व्हायव्हाला ‘टोकदार वस्तूने का लिहीत नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. टोक टोचलं की पेशंटचं लक्ष आकाराऐवजी टोचण्याकडे जातं, हे उत्तर.

१५. हीच चाचणी घरचा व्यायाम म्हणून

अंक ओळखण्याचा सराव उपचार म्हणूनही देतात, स्ट्रोकनंतरच्या हाताला आणि काही जुन्या दुखण्यांतही. घरी तो बहुतेक वेळा नातवंडं घेतात, कारण त्यांना मजा वाटते. त्यांना लिपी ठरवून द्या, कार्डं भिंतीवर चिकटवून द्या, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं सांगा. पोरं एक चूक हमखास करतात: आजोबा अडले की ‘तीन ना, तीन?’ म्हणून उत्तर पुरवतात. त्याऐवजी त्यांना सांगा, आजोबा चुकले तर उत्तर सांगायचं नाही. डोळे उघडायला लावायचे, तोच अंक त्यांना बघू देत एकदा लिहायचा, कापडाने पुसायचा, आणि डोळे मिटून परत तोच लिहायचा.